हातांतला दिवा : एका जलरंगी चित्राचा इतिहास

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मग्रामाचा इतिहास यावा, प्रभुमंदिराच्या उभारणीची हकीकत यावी, येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचीं व धर्मभगिनींचीं नांवें आदरानें नमूद व्हावींत, हें सर्वथा योग्य आहे. तें कार्य या पुस्तिकेंत इतर लेखकांनीं केलें आहे. मजकडे जेव्हां एका ऐतिहासिक निबंधाची मागणी झाली, तेव्हां मीं थोडा निराळा विषय घेतला. तो विषय म्हणजे एक चित्र. हें चित्र आपल्या मंदिरांतलें नाहीं. तें धार्मिक चित्रहि नव्हे. तरी वाचक बंधुभगिनींनो, तें आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलेलें असेल. कोणी तें दिनदर्शिकेवर पाहिलें असेल, कोणी आप्तांच्या दिवाणखान्यांत, तर कोणी तसबिरींना चौकटी बसविणाऱ्याच्या दुकानांत.

एक स्त्री हातांत पेटलेला दिवा घेऊन उभी आहे. तिनें जांभळसर रंगाची साडी नेसली आहे. वारा लागून ज्योत विझूं नये म्हणून तिनें दुसऱ्या हाताचा आडोसा केला आहे. भोंवती काळोख आहे. त्या एका ज्योतीचा उजेड तिच्या मुखावर व वस्त्रावर पडला आहे, आणि ज्या हातानें ती ज्योतीला जपते त्या हाताचीं बोटें आंतून तांबूस झालीं आहेत, जणूं प्रकाश त्यांच्या आरपार चालला आहे. चित्रांत दुसरें कांहीं नाहीं. देव नाहीं, राजा नाहीं, पुराणांतील कथा नाहीं. तरीहि पाहणारा त्यापुढें क्षणभर थबकतोच.

हें चित्र कोणाचें, असें विचारलें तर पुष्कळ ठिकाणीं "राजा रवि वर्मा यांचें" असें उत्तर मिळतें. तें उत्तर खरें नाहीं. तें खरें कां नाहीं, मूळ चित्रकार कोण, त्यानें हा प्रकाश कागदावर कसा आणिला, आणि या सर्वांचा आपल्या ज्युबिलीशीं काय संबंध, एवढेंच मला या लेखांत सांगावयाचें आहे.

चित्रकाराचा परिचय

या चित्राचे कर्ते सावळाराम लक्ष्मण हळदणकर हे होत. त्यांचा जन्म १८८२ सालीं झाला. ते कोंकणांतील सावंतवाडीचे. लाकडी खेळण्यांसाठीं व लाखेच्या रंगकामासाठीं तें गांव आजहि प्रसिद्ध आहे. रंग व हस्तकौशल्य यांची तेथें वाण नव्हती. १९०३ सालीं हळदणकर मुंबईस येऊन सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत दाखल झाले. ही शाळा सर जमशेटजींच्या देणगीतून १८५७ सालीं सुरू झालेली. हळदणकरांच्या वेळीं सेसिल बर्न्स हे तिचे प्रमुख होते, आणि महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासारखे महाराष्ट्रीय चित्रकार तेथें शिकवीत होते. समोर दिसणारी वस्तु जशी आहे तशी, तिच्या घाटासह, छायेसह व उजेडासह कागदावर उतरविणें, ही त्या शाळेची मुख्य शिकवण होती. आधीं नीट पाहावें, मग हात चालवावा, हा तिचा नियम.

१९०८ सालीं हळदणकरांनीं मुंबईंत स्वतःची कलासंस्था काढली. पुढें १९१८ सालीं ज्या चित्रकारांनीं 'आर्ट सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था स्थापिली त्यांत तेहि होते. त्यांचें सारें आयुष्य चित्रें काढण्यांत व विद्यार्थी घडविण्यांत गेलें. तैलरंगांतहि त्यांचा हात चांगला चाले. परंतु त्यांचें नांव झालें तें मुख्यतः जलरंगांत. १९६८ सालीं ते निवर्तले. ज्या चित्राविषयीं आपण बोलत आहों तें त्यांनीं १९४५-४६ च्या सुमारास काढलें. म्हणजे तेव्हां त्यांनीं साठी ओलांडली होती. तें एखाद्या उमेदवाराचें धाडस नव्हतें. चाळीस वर्षें ज्या हातानें सराव केला होता त्या हाताचें तें फळ होतें.

जलरंगाची रीति

आतां हें चित्र जलरंगांतलें आहे, या गोष्टीला इतकें महत्त्व कां, तें सांगितलें पाहिजे; कारण चित्राचें सारें मर्म तेथेंच आहे.

पाण्यांत कालविलेले रंग आपल्या देशाला नवे नव्हते. मोंगल व राजपूत दरबारांतील लहान आकाराचीं चित्रें पाण्याच्या रंगांतच काढलेलीं आहेत. परंतु त्या रंगांत खडूसारखा पांढरा रंग मिसळलेला असे. त्यामुळें ते रंग दाट होत, कागद पूर्णपणें झांकून टाकीत, आणि जेथें उजेड दाखवावयाचा तेथें वरून पांढरा रंग देतां येत असे. इंग्रजांची रीति निराळी होती. अठराव्या शतकांत तिकडे पारदर्शक जलरंगाची कला वाढीस लागली. रंगद्रव्य बारीक वाटावें, बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकांत तें बांधावें, आणि पुष्कळ पाणी घालून कागदावर त्याचा पातळ थर पसरावा, अशी ही पद्धत. हे रंग प्रवासांत नेण्यास सोपे. म्हणून कंपनी सरकारचे अधिकारी, मोजणीदार व प्रवासी चित्रकार ते सोबत बाळगीत. थॉमस डॅनिएल व त्याचा पुतण्या विल्यम हे १७८६ सालीं हिंदुस्थानांत आले, आणि त्यांनीं येथील देवळें, घाट व किल्ले रेखाटून नेले. पुढें कलाशाळांतून हीच रीति आपल्या विद्यार्थ्यांच्या हातीं आली. १८८८ सालीं 'बॉम्बे आर्ट सोसायटी' स्थापन झाल्यावर मुंबईंत प्रदर्शनें भरूं लागलीं, आणि जलरंगांत निष्णात असे अनेक महाराष्ट्रीय चित्रकार पुढें आले.

या पारदर्शक रीतींत एक कठोर अट आहे. तीमध्यें पांढरा रंग म्हणून वापरीत नाहींत. पांढरें जें कांहीं दिसतें तो कोरा कागद असतो. रंगाचा थर कांचेसारखा आरपार. त्यांतून उजेड आंत जातो, कागदावर आपटतो आणि रंगांतून परत आपल्या डोळ्यांकडे येतो. म्हणून चित्रांत जेथें अधिक प्रकाश हवा तेथें थर अगदीं पातळ ठेवावा लागतो, आणि जेथें पूर्ण प्रकाश हवा तेथें रंग लावावयाचाच नाहीं. चित्रकार फिकटाकडून गडदाकडे जातो. एक थर वाळला कीं त्यावर दुसरा, मग तिसरा, असा काळोख हळूहळू वाढवीत न्यावा लागतो. एकदां गडद झालेली जागा पुनः मूळच्यासारखी उजळ करतां येत नाहीं. पाण्यानें धुवून, पुसून थोडाबहुत रंग निघतो खरा, पण कागदाची मूळ कांति कायमची जाते. आपल्या सोलापुरांत ज्यांच्या घरीं सूत रंगविण्याचा धंदा झाला आहे त्यांना हें लगेच कळेल. पांढरें सूत काळें करणें सोपें; काळें झालेलें सूत पुनः पांढरें होत नाहीं.

आतां या दिव्याच्या चित्राकडे पुनः पाहा. त्यांत बहुतेक सर्व भाग काळोखाचा आहे, आणि जलरंगांत गाढ व तरी स्वच्छ काळोख आणणें हेंच मोठें कठीण. थर चुकले तर तो गढूळ होतो. त्या काळोखाच्या मध्यभागीं ज्योत आहे, आणि ज्योत म्हणजे जवळजवळ कोराच कागद. चित्रकारानें पहिला कुंचला टेकविण्यापूर्वींच ठरविलें असलें पाहिजे, कीं ही एवढी जागा शेवटपर्यंत आपण मलिन होऊं देणार नाहीं. मग तिच्या भोंवती त्यानें फिकट पिंवळा, नारिंगी, तांबूस अशा छटा एकामागून एक चढविल्या. बोटांच्या जागीं त्यानें तांबड्याचा पातळ थर ठेविला. खऱ्या ज्योतीपुढें आपण हात धरला तर बोटांच्या कडा लाल दिसतात. कारण आपलें रक्त व मांस यांतून तांबडा प्रकाशच अधिक पार होतो. हें सूक्ष्म निरीक्षण त्यानें जसेंच्या तसें उतरविलें. म्हणजे या चित्रांत प्रकाश असा रंगविलेलाच नाहीं. तो राखलेला आहे. सभोंवार सर्वत्र रंग चढत असतां जी जागा त्यानें जपली, तीच ज्योत झाली. चित्रांतील स्त्री हातानें जें करीत आहे तेंच चित्रकारानें कुंचल्यानें केलें आहे.

चित्रांतील स्त्री आणि म्हैसूरचें दालन

ही स्त्री म्हणजे चित्रकाराची स्वतःची कन्या गीता. विवाहानंतर त्या गीता उपळेकर झाल्या आणि कोल्हापुरास राहिल्या. दिवाळीच्या दिवसांत हातांत दिवा घेतलेला पाहून वडिलांनीं आपणांस तशीच उभी राहण्यास सांगितलें, ही आठवण त्यांनीं वृद्धपणीं अनेकांना सांगितली. शंभरी पार करून २०१८ सालीं कोल्हापूर येथें त्या परलोकवासी झाल्या. वाचकांनीं हें लक्षांत ठेवावें. कारण पुढें या साक्षीचें महत्त्व कळणार आहे.

चित्र मात्र महाराष्ट्रांत राहिलें नाहीं. आपल्या सोलापुराहून दक्षिणेस कर्नाटकाची हद्द जवळच आहे. त्या कर्नाटकाच्या पार दक्षिण भागांतील म्हैसूर नगरींत तें आज आहे. तेथील जगन्मोहन राजवाडा तिसऱ्या कृष्णराज वडियार यांच्या काळीं, १८६१ सालीं बांधला गेला. १९१५ सालीं त्यांत चित्रशाळा सुरू झाली, आणि १९५५ सालीं तिला श्रीजयचामराजेंद्र यांचें नांव मिळालें. त्या चित्रशाळेंत हें चित्र आहे. इंग्रजींत त्यास 'ग्लो ऑफ होप' असें नांव मिळालें आहे. मराठींत 'आशेची प्रभा' असें म्हणतां येईल. कोणी त्यास नुसतें 'दिवा घेतलेली स्त्री' म्हणतात. तें मंद उजेडाच्या जागीं ठेवलें आहे. तेथें खरोखरीचा दिवा जळत असल्याचा भास होतो, असें पाहून आलेले सांगतात. जलरंगास तीव्र उजेड बाधक असतो, त्यानें रंग उडतात. म्हणून मंद प्रकाश हा त्याच्या आयुष्यालाहि हितकर आहे.

नांव कसें हरवलें

अशा चित्राच्या कर्त्याचें नांव लोकांच्या तोंडून नाहींसें कसें झालें? याचीं कारणें शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. पहिलें कारण असें कीं, त्याच राजवाड्यांत रवि वर्मा यांचीं अनेक चित्रें आहेत. पाहणारा एका दालनांतून दुसऱ्यांत जातो आणि सर्वांना एकच नांव देतो. दुसरें कारण, रवि वर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला. त्यांतून निघालेलीं रंगीत चित्रें इतक्या घरांत पोंचलीं कीं, साडी नेसलेल्या सुंदर स्त्रीचें चित्र म्हणजे रवि वर्माचें, अशी समजूत रूढ झाली. तिसरें कारण, या दिव्याच्या चित्राच्या असंख्य नकला निघाल्या. त्या नकला करणाऱ्यांनीं मूळ चित्रकाराचें नांव खालीं देण्याची काळजी घेतली नाहीं. एकानें चुकीचें नांव सांगितलें, दुसऱ्यानें तें खरें मानिलें, आणि तिसऱ्यानें छापलें.

वास्तविक ही समजूत दूर करण्यास दोन साध्या गोष्टी पुरेशा आहेत. रवि वर्मा १९०६ सालीं दिवंगत झाले. हें चित्र त्यानंतर सुमारें चाळीस वर्षांनीं निर्माण झालें. आणि ज्या चित्रांमुळें रवि वर्मा यांची कीर्ति झाली तीं तैलरंगांतलीं. हें चित्र जलरंगांतलें. त्यांतून जिनें स्वतः दिवा हातीं धरला होता ती साक्षीदार शंभर वर्षांहून अधिक जगली व आपल्या पित्याचें नांव सांगत राहिली. यांत रवि वर्मा यांस कमीपणा येत नाहीं. ते थोर चित्रकार होते, आणि जें त्यांचें नव्हे त्याची त्यांच्या कीर्तीला गरजहि नाहीं. ज्याच्या झाडाला फळें पुष्कळ, त्याच्या टोपलींत शेजाऱ्याचें फळ कशाला घालावें?

यूरोपांतील एक असेंच उदाहरण

येथें एका दुसऱ्या चित्राची आठवण होते, आणि तें तर आपल्या श्रद्धेच्या विषयाचें आहे. फ्रान्सच्या पूर्वेस लॉरेन म्हणून प्रांत आहे. तेथें १५९३ सालीं जन्मलेल्या झॉर्झ द ला तूर नांवाच्या चित्रकारानें सतराव्या शतकांत संत योसेफाचें एक चित्र काढलें. रात्रीची वेळ आहे. वृद्ध योसेफ वांकून सामत्यानें लांकडाला भोंक पाडीत आहे, आणि बाळ येशू त्याला उजेड दाखविण्यासाठीं मेणबत्ती घेऊन उभा आहे. बाळानें ज्योतीपुढें एक हात धरला आहे, आणि त्या कोंवळ्या बोटांतून प्रकाश पार होत आहे. पॅरिस येथील लूव्र संग्रहालयांत हें चित्र आहे. मुंबईचा चित्रकार आणि लॉरेनचा चित्रकार यांच्यांत तीनशें वर्षांचें अंतर. तरी दोघांनींहि तीच एक गोष्ट पाहिली, कीं ज्योतीला जपणारा हात स्वतःच उजळून निघतो.

फरक आहे तो साधनांचा. ला तूरचें चित्र तैलरंगांतलें. तैलरंगांत काळोख आधीं भरून त्यावर उजेड मागाहून देतां येतो. जलरंगांत ही सवलत नाहीं. तेथें उजेड पहिल्या क्षणापासून राखून ठेवावा लागतो.

आणि आश्चर्य हें कीं, ला तूरचें नांवहि असेंच हरवलें होतें. १६५२ सालीं तो मरण पावला, आणि पुढें अडीचशें वर्षांहून अधिक काळ लोक त्यास विसरले. त्याचीं चित्रें इतर चित्रकारांचीं म्हणून ओळखलीं जात. १९१५ सालीं हेर्मान फॉस या जर्मन पंडितानें एक लहानसा लेख लिहून त्याचें नांव पुनः उजेडांत आणिलें. १९१५ सालीं जर्मनी व फ्रान्स यांचें घनघोर युद्ध चालू होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या लेखाचें मोल कळतें. तोफा धडाडत असतांना एका जर्मन माणसानें शत्रुराष्ट्राला त्याचा हरवलेला चित्रकार परत दिला. सत्याला सीमेची आडकाठी नसते, याचें हें सुंदर उदाहरण आहे.

या इतिहासाचा आपल्याशीं संबंध

बंधुभगिनींनो, कोणी म्हणेल, चित्र सुंदर आहे एवढें पुरे; तें कोणी काढलें याची चौकशी कशाला? परंतु असें म्हणणें बरोबर नाहीं. कष्ट करणाऱ्याला त्याची मजुरी मिळाली पाहिजे, हें आपण मानितों; त्याचें नांव हीहि त्याची मजुरीच आहे. सातव्या आज्ञेनें दुसऱ्याची वस्तु घेणें निषिद्ध आहे, आणि आठव्या आज्ञेनें खोटी साक्ष. एकाच्या हातचें काम दुसऱ्याच्या नांवावर चढविण्यांत, तें अजाणतां झालें तरी, या दोहोंची सावली पडतेच. अजाणपणीं झालेल्याचा दोष लागत नाहीं. पण खरें कळल्यावरहि तेंच म्हणत राहणें बरें नव्हे. म्हणून ज्यांच्या घरीं या चित्राची प्रत असेल त्यांनीं तिच्या पाठीमागें 'चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर' एवढीं अक्षरें लिहावींत व मुलांना वाचून दाखवावींत.

आतां ज्युबिलीविषयीं. प्रत्येक धर्मग्रामांत ज्यांचीं नांवें संगमरवरावर कोरलेलीं असतात असे लोक थोडे. ज्यांनीं रोज पहांटे मंदिराचें दार उघडलें, वेदीवरील वस्त्रें धुतलीं, पवित्र साक्रामेंतापुढील दिव्यांत तेल घातलें, गिरणीची पाळी संपवून रात्रीं मुलांना प्रार्थना शिकविल्या, असे लोक पुष्कळ. त्यांनीं ज्योतीपुढें हात धरला म्हणून ती आपल्यापर्यंत पोंचली. शहाण्या कुमारिकांच्या दृष्टांतांतहि दिवे सर्वांजवळ होते. पुढें प्रश्न आला तो तेल कोणी राखून ठेविलें याचा.

अशा माणसांचीं नांवें फार लौकर पुसलीं जातात. जुन्या छायाचित्रांत, प्रथम ख्रिस्तशरीर ग्रहणाच्या दिवशीं किंवा एखाद्या सणाला मंदिराच्या पायऱ्यांवर उभा राहिलेला समुदाय असतो. पहिल्या रांगेंत मध्यभागीं बसलेल्या धर्मगुरूचें नांव सर्वांना ठाऊक असतें. मागच्या रांगेंतील स्त्रीपुरुष कोण, हें सांगणारा एखादाच वृद्ध उरलेला असतो. गीताबाईंना विचारणारे वेळीं भेटले म्हणून एका पित्याचें नांव उरलें. आपल्या धर्मग्रामांतहि असे वृद्ध आहेत. तेव्हां या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक कुटुंबानें आपल्या घरच्या जुन्या छायाचित्रांपाशीं वडीलधाऱ्यांना बसवावें, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नांव विचारावें, आणि तें पाठीमागें शाईनें लिहून ठेवावें. यास पैसा लागत नाहीं. थोडा वेळ व थोडी आस्था मात्र लागते. आणि तो वेळ आजच काढला पाहिजे. कारण साक्षीदार नेहमींकरितां आपल्याजवळ राहत नसतात.

हळदणकरांनीं कागदावरील एवढीशी जागा शेवटपर्यंत स्वच्छ राखली, आणि तीच आज पाहणाऱ्यांस उजेड देत आहे. आपल्या पूर्वजांनींहि गरिबींत, दुष्काळांत व साथींच्या दिवसांत श्रद्धेची जागा तशीच स्वच्छ राखली. ती ज्योत आतां आपल्या हातीं आली आहे. तिला जपण्याचें बळ व ज्यांनीं ती जपली त्यांचीं नांवें न विसरण्याची कृतज्ञता परमेश्वर आपणां सर्वांस देवो, अशी प्रार्थना करून हा लेख पुरा करितों.